गोटा गुडघ्याखाली मारायचा

दोन हजार बावीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि आमच्या गल्लीतली अकरा झाडं माझ्या शब्दावर उभी होती. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा मात्र ज्याला त्याला सांगत फिरायचो.

सुरतच्या उधन्यातली आमची गल्ली म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन रांगा. पुढच्या बाजूला टेम्पो, धूळ, साड्यांचे गठ्ठे. मागच्या बाजूला प्रत्येकाला दोन खाटा मावतील एवढं परस आणि त्या परसात एखादं झाड. आम्ही इथं आलो तेव्हा सावली म्हणून नव्हती. ज्याला जे रोप मिळालं ते त्यानं लावलं. कोणी निंब, कोणी आंबा, कोणी जांभूळ, कोणी सरगवा म्हणजे आपला शेवगा. पंचवीस-तीस वर्षांत ती झाडं घरांच्या वर गेली. मग पावसाळा जवळ आला की लोकांना भीती वाटायची, आणि भीती वाटली की लोक माझ्याकडं यायचे.

माझं शिक्षण तिसरी. चौथीत नाव घातलं होतं, गेलो नाही. पण झाड बघायला मला बापानं शिकवलं. बाप आमच्या गावाकडं, अमळनेरच्या बाजूला, झाडं ओळखणारा म्हणून माहीत होता. बैलगाड्या करणारे सुतार उभी बाभूळ विकत घ्यायच्या आधी त्याला बोलवायचे. आतून पोकळ निघाली तर आसाचं लाकूड कुठून काढणार? बाप हो म्हणाला की सौदा व्हायचा, नाही म्हणाला की सुतार घरी जायचे. त्याचा शब्द खोटा निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्याची रीत अशी होती. आधी झाडाजवळ जायचंच नाही. लांबून शेंडा बघायचा. शेंडा विरळ झाला, पानं बारीक यायला लागली, तर वर काही पोचत नाही असं धरायचं. मग जवळ जाऊन कोवळ्या फांदीची साल अंगठ्याच्या नखानं खरवडायची. खाली हिरवं ओलं निघालं तर फांदी जिती, कोरडं तपकिरी निघालं तर गेली. बुंध्यावर मुंगळे चढत असले तर चढू द्यावेत, पण तेच मुंगळे तोंडात लाकडाचा भुसा घेऊन बाहेर येत असले तर आत त्यांनी घर केलंय. पावसाळ्यात मुळाशी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या तर ते झाड फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. निंब असला तर काडी चावायची. कडूपणा जिभेवरून घशात उतरला पाहिजे, जिभेवरच राहिला तर रस पातळ झालाय. शेवगा असला तर हे काही करू नये, शेवगा निरोगी असला तरी मोडतो आणि मोडला तरी फुटतो, त्याच्या नादी लागू नये.

हे सगळं झालं की शेवटी गोटा. नदीतला, मुठीत मावेल असा गुळगुळीत गोटा. तो बुंध्यावर मारायचा आणि ऐकायचं. भरीव झाड टण् बोलतं, पोकळ झाड माठासारखं बोलतं. बापाचं त्यात एकच बजावणं असायचं. गोटा गुडघ्याखाली मारायचा. छातीवर मारला तर कोणतंही झाड टणकच वाजतं, माणूसदेखील छाती पुढं काढूनच बोलतो. गुडघ्याखाली वाकून मारलास की त्याला खोटं बोलता येत नाही.

मी तसाच वाकून मारायचो. कंबर धरली असली तरी वाकायचो. कापडाच्या लूमच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढून माझा डावा कान गेला आहे, त्यावरून गल्लीत थट्टा चालायची.

"आप्पा, झाड काय बोललं ते तुम्हाला ऐकू तरी आलं का?"

"तुझं ऐकू येत नाही ते बरंय," मी म्हणायचो. "उजवा कान मी झाडांसाठी ठेवलाय."

गल्लीतली पोरं फोनवर पानाचा फोटो काढायची आणि फोन सांगायचा रोग कोणता. मी विचारायचो, फोननं मुळाशी वाकून बघितलं का? लोक हसायचे आणि माझंच ऐकायचे. बायको म्हणायची, "तुमना भाव वाढी गया." मला ते आवडायचं. रिटायर झाल्यावर माणसाला कोणी विचारत नाही. मला विचारत होते.

आमच्यापासून चौथं घर वहिनींचं. मी त्यांना वहिनी म्हणायचो, वयानं त्या माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. त्यांचा नवरा माझ्या शेजारच्या लूमवर सव्वीस वर्षं उभा होता. माणूस अकोल्याकडचा, बोलायला गोड, रागवायला येतच नसे. परसातला निंब त्यानं लावला. तो जाऊन सात वर्षं झाली होती. वहिनी त्या निंबाखाली लोखंडी खाट टाकून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायच्या. सकाळी गठ्ठा यायचा, संध्याकाळी जायचा. एकेक खडा काडीच्या टोकावर उचलून गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा, पाच बोटांचं काम. गल्लीतल्या सगळ्या बाया ते करतात, पण वहिनींच्या हातची साडी कधी परत आली नाही.

मेच्या शेवटी वहिनी माझ्या दारात आल्या.

"आप्पा, तुमी पाहा जरा त्या झाडाले. पोरगं आयकत नाही माह्यं. म्हणते, पाडतोच."

"का पाडतो म्हणतो?"

"कलंडलं म्हणते. मले तर नाही दिसत. तुमी सांगसान तेच होईन, तो बी तसाच म्हणला."

त्यांचा मुलगा पलसाण्याला डाईंग मिलमध्ये मास्टर आहे. शहाणा पोरगा. रविवारी तो घरी होता आणि त्यानं झाड तोडणारा एक माणूसही बोलावून ठेवला होता. उत्तरेकडचा, खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात करवत. मी जाईपर्यंत शेजारच्या गच्च्यांवर, भिंतींवर लोक जमले. माझं झाड बघणं हे गल्लीत बघण्यासारखं असायचं, ते मला ठाऊक होतं.

मी लांबून शेंडा बघितला. दाट. नखानं साल खरवडली. हिरवीगार. काडी चावली, कडूपणा थेट घशात. मुंगळे नाहीत, भुसा नाही. मग वाकलो, गुडघ्याखाली गोटा मारला. टण्. चारी बाजूंनी मारला. टण्, टण्, टण्. लोक गप्प होऊन ऐकत होते. एक लक्षात ठेवा, कानानं त्या दिवशी बरोबर ऐकलं. दोष कानाचा नव्हता.

तो तोडणारा एवढा वेळ बुंध्याशी उकिडवा बसला होता. त्यानं वर एकदाही बघितलं नव्हतं. बुंधा जिथं जमिनीत शिरतो तिथं बोट खुपसून त्यानं काळी राख काढली आणि मला दाखवली.

"चाचा, ये पेड तो गले तक गडा हुआ है. भराव किया है ना इधर? दो फुट खोदके देखो, फिर बोलो."

आता इथं मला थांबून सांगितलं पाहिजे. आमच्या गल्लीचा रस्ता महापालिकेनं उंच केला, तेव्हा घरं खाली राहिली आणि पावसाळ्यात खाडीचं पाणी परसातून आत यायला लागलं. त्यावर तोड मीच काढली होती. डाईंग मिलच्या बॉयलरची कोळशाची राख फुकट मिळते, उचलून न्या म्हणतात. पहिली गाडी मी आणवली. मग सगळ्यांनी आणवल्या. अकराही परसांत आम्ही दोन-अडीच फूट राख भरली, वर माती, काहींनी फरशा. वहिनींच्या परसात मी आणि त्यांचा नवरा, आम्ही दोघांनीच फावडी मारली होती. झाडाभोवती विटांचं आळं होतं, तेही बुजवलं.

म्हणजे माझा गुडघा अडीच फूट वर आला होता. मी वाकून जिथं मारत होतो ती झाडाची कंबर होती. बाप ज्या जागेबद्दल सांगून गेला ती जागा राखेत खाली होती, ओल धरून, नऊ-दहा वर्षं.

तो माणूस बोलला आणि हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. हेच मला कोणाला सांगता येत नव्हतं. मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पायाखाली राख करकरली ती मी ऐकली. पण भिंतीवर वीस माणसं बसली होती आणि तो माझ्या निम्म्या वयाचा माणूस मला खोदायला सांगत होता.

मी म्हणालो, "न्हाव्याला विचारलं तर डोई वाढलेलीच असते. तू तोडणारा, तुला सगळी झाडं मेलेलीच दिसणार."

भिंतीवरचे हसले. त्याला मराठी किती कळलं कोण जाणे, पण हसणं कळलं. त्यानं हाताची राख झाडली, दोर उचलला.

"ठीक है चाचा. आपका पेड, आपकी मर्जी." आणि गेला.

मुलगा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, नक्की ना? मी दिवसभर नसतो. आई तिथंच बसते."

"बापाची शपथ घेऊ का? पंधरा वर्षं याला काही होत नाही. मी मेल्यावर पाड."

"तुम्ही म्हणताय तर राहू दे."

वहिनींनी चहा केला. पहिला कप मला दिला.

त्यानंतर सोळाव्या दिवशी झाड पडलं. पाऊस नव्हता. दुपारचा वारा सुटला होता, दोरीवरचे कपडे उडतील एवढा. मी जेवून हात धूत होतो. मोठा आवाज झाला म्हणतात, मला तसा आला नाही. टेम्पोतून साड्यांचा गठ्ठा खाली टाकतात तेव्हा येतो तसा आला, दबका. मग बायकोनं माझा दंड धरला.

मी पोचलो तेव्हा वहिनी खाटेवर होत्या, शुद्धीवर होत्या. त्यांच्या अंगावर पानंच पानं. त्या ओरडत नव्हत्या. उजवा हात खाटेच्या लोखंडी पट्टीवर होता आणि त्या हातावर फांदी. मांडीवरची साडी अर्धी खडे लावलेली. आम्ही आठ-दहा जणांनी फांदी उचलली. त्या मला म्हणाल्या, "आप्पा, साडीले गोंद लागन, बाजूले करा." मी साडी बाजूला केली.

रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. मुलगा पलसाण्याहून परस्पर तिकडं गेला.

सगळे गेल्यावर मी झाडाशी गेलो. झाड मुळासकट उपटलं नव्हतं. जमिनीत खोल कुठंतरी मोडलं होतं आणि उताणं झालं होतं. मोडलेल्या जागी खड्डा पडला होता. मी गुडघे टेकून आत हात घातला. वरचं लाकूड पांढरं, भरीव, जसं मी ऐकलं होतं तसंच. त्याच्याखाली वीतभर काळं, ओलं. चिमटीत धरलं तर भाजलेल्या वांग्यासारखं हातात आलं. सालीचा तर पत्ताच नव्हता. त्याच्याही खाली विटा लागल्या. ते जुनं आळं. विटांवर गेरू अजून होता.

मग मी जे केलं ते सांगतो. परसाच्या कोपऱ्यात विटांचे तुकडे पडले होते. ते त्या खड्ड्यात टाकले. राख ओढून घेतली. पायानं दाबली. मुलगा संध्याकाळी आला तेव्हा त्याला म्हणालो, "खुंटाचं मी बघतो, तू आईकडं बघ." तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही आहात म्हणून." त्याचे डोळे सुजले होते. डॉक्टरांनी तीन बोटं ठेवता येणार नाहीत म्हणून सांगितलं होतं. अंगठा आणि करंगळी राहतील.

मला वाटलं आता गल्ली मला धरेल. तोंडावर विचारेल. मी तयारीत होतो, उलट उत्तरंही जुळवून ठेवली होती. कोणी विचारलं नाही. पानाच्या टपरीवर मी गेलो तर तिथला म्हणाला, "वाऱ्याचा काय भरवसा आप्पा. तुम्ही तर बघितलं होतं, आम्ही होतो ना तिथं, टणक वाजलं." दुसरा म्हणाला, "आप्पानं हात लावला होता म्हणून इतके दिवस तरी राहिलं." ते खरंच तसं मानत होते. मी पान घेतलं आणि घरी आलो. पान तोंडात घालवेना.

त्याहून वाईट पुढं झालं. झाड पडलं म्हणून लोक घाबरले, आणि घाबरले म्हणून माझ्याकडंच आले. आमच्याच रांगेतले सुरती काका, माझ्याच वयाचे, लूमच्या धंद्यातून पोरांनी त्यांना बाजूला केलेलं, सकाळी सकाळी दारात.

"आप्पा, अमारो आंबो जरा जोई लो ने. वहू बाळाची झोळी त्यालाच बांधते. ती ऐकत नाही, म्हणते आप्पानं पास केलंय."

मी केलं होतं पास. मागच्या वर्षी, गुडघ्याखाली गोटा मारून.

गेलो त्यांच्याकडं. आंब्याच्या खालच्या फांदीला जुन्या साडीची झोळी होती आणि झोळीतून एक पाय बाहेर आला होता, बाळ झोपलेलं. मी वाकलो. गोटा वर उचलला. मारता येईना. सगळं घर बघत उभं. मी उठलो.

"आज नको काका. दिवस चांगला नाही."

"अमास छे के?"

"हो."

अमावस्या नव्हती. एकादशी होती. काकांना तिथी माहीत असणार, पण माझ्या शब्दावर त्यांनी तिथीही सोडून दिली. "तो परमदिवस आवजो," म्हणाले.

सून आतून म्हणाली, "आप्पा, तोपर्यंत झोळी राहू दे ना? चालेल ना?"

मी म्हणालो, "काढून ठेव, घरात बांध." एवढंच म्हणालो. ती म्हणाली, घरात उकडतं. मी तिला कारण सांगितलं नाही.

घरी येऊन जेवायला बसलो. बायकोनं ताट सरकवलं, परत सरकवलं. "काय व्हयनं तुमले? आठ दिवस व्हयनात, तोंड उघडत नहीत."

मग मी तिला सांगितलं. राख, गुडघा, तो माणूस काय बोलला, मी काय बोललो, खड्ड्यात विटा टाकल्या ते. ती भाकरी तोडता तोडता थांबली. नंतर म्हणाली, "मनमा ठेईसन काय व्हई? सांगी टाका. बाकीना लोकेसना पोरं शेतस."

मी तिच्यावर ओरडलो. माझा बाप, माझी विद्या, तुला काय कळतं, असलं काहीतरी. ती उठून भांडी घासायला गेली. सगळी भांडी होऊन गेली तरी ती आत आली नाही.

मला काय वाटत होतं ते खरं लिहितो. मला वहिनींच्या बोटांचं वाटत होतं, पण त्याच्याहून जास्त मला माझंच वाटत होतं. मी सांगितलं की संपलं. मग मी कोण? तिसरी शिकलेला, एका कानानं बहिरा, लूमवरून काढलेला म्हातारा. अशी म्हातारी माणसं गल्लीत पुष्कळ आहेत, त्यांना कोणी आप्पा म्हणून उठून जागा देत नाही. दोन दिवस मी ह्याच विचारात घालवले आणि परसातून ती झोळी हलताना बघितली. वाऱ्याची झुळूक आली की माझी नजर त्या फांदीवर जायची. तरी उठलो नाही. माणूस एवढा हलका असू शकतो हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनींना घरी आणलं. मी गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात उशीवर, पांढरी पट्टी कोपरापर्यंत. मुलगा कामावर, घरात दुसरं कोणी नव्हतं. मला बघून त्यांनी डाव्या हातानं पदर सावरला.

"बसा ना आप्पा. चहा नाही करू शकत आज."

"नको चहा."

"तुमी काऊन असे झाले? जेवता का नाही? वाराच तसा होता, तुमी काय करान." मग म्हणाल्या, "पोराले म्हणलं, दुसरं निंब लावू तिथंच. रोप तुमीच आणून द्या जी. तुमच्या हातचं पाहिजेन."

मी खाली बघून सांगितलं. बायकोला सांगितलं त्याच्यापेक्षा कमी शब्दांत. सांगताना मी त्यांच्या पट्टीकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिकडंच बघत होतो. सांगून झालं.

"त्या माणसानं खोदा म्हणलं होतं?"

"हो."

"अन् राख हाये खाली, हे तुमाले ठाऊक होतं."

"मीच टाकली होती. तुमच्या मालकांनी आणि मी."

"मंग काऊन नाही खोदलं?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"लोकं होते ना पाहाले."

"हो. लोक होते."

त्या रडल्या नाहीत. मला वाटलं होतं शिव्या देतील, दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पट्टीचा हात उशीवरून उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं झाकला, जसं कोणी परकं माणूस घरात आल्यावर झाकतात.

"पोराले मी सांगन संध्याकाळी. तुमी नका सांगू. तो काय करन मले माहीत नाही." मग म्हणाल्या, "जा तुमी आता."

आप्पा म्हणाल्या नाहीत. तेव्हापासून आजतागायत म्हणालेल्या नाहीत. समोर दिसलं तर बाजूनं जातात. मुलगा माझ्याशी बोलत नाही. त्यानं परसात फरशी करून टाकली, झाड लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी कुदळ आणि फावडं घेऊन सुरती काकांच्या परसात गेलो. काका दातण करत होते. मी त्यांना म्हणालो, काका, मागच्या वर्षी मी जे सांगितलं ते खोटं होतं, वहिनींचं झाड माझ्यामुळं पडलं, आणि झोळी आधी सोडा. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. सुनेनं मात्र काही न विचारता बाळाला उचललं, गाठ सोडली. मी बुंध्याच्या कडेनं खोदायला लागलो. भिंतीवर हळूहळू लोक आले. मी खोदता खोदता त्यांनाही तेच सांगितलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कोणी हसलं नाही. अडीच फुटांवर जुनी जमीन लागली. मी हातानं माती सारली, साल चाचपली. एका बाजूला पक्की होती, एका बाजूला बोट थोडं आत गेलं. फार नाही. पेरभर.

काका वाकून बघत होते. "सारुं छे के, आप्पा? बरं आहे ना?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "त्या तोडणाऱ्या माणसाला बोलवा. तो सांगेल तसं करा."

मग खड्डा तसाच उघडा ठेवला, कुदळ खांद्यावर घेतली आणि शेजारच्या घराची कडी वाजवली.